दैव पाचवं

बर्न वॉर्डच्या दाराबाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसांच्या तोंडी एक वाक्य हटकून असतं. "नशिबात हुतं, काय करणार." पन्हाळ्याकडचा शेतकरी ते म्हणतो, इचलकरंजीच्या यंत्रमागावरचा कामगार म्हणतो, शिरोलीच्या फाउंड्रीत रस ओतणाऱ्याचा भाऊ म्हणतो. माझी बहुतेक नोकरी त्या दाराच्या आतल्या बाजूला गेली. निवृत्त झाल्यापासून मी पेठांतल्या भजनी मंडळांत, खेड्यांतल्या बचत गटांत, संक्रांतीच्या हळदीकुंकवात जाऊन भाजण्यापासून कसं वाचायचं आणि भाजलं तर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं, ते सांगत असते.

एकदा देवळाच्या मंडपात बोलणं संपल्यावर एका वयस्क माळकरी आजोबांनी मला थांबवलं. आवाजात राग नव्हता. ते म्हणाले, "बाई, तुम्ही सांगता ते चांगलंच हाय. पण जे हुयाचं ते ठरलेलं असंल, तर तुमच्या सांगण्यानं ते टळणार का? आणि टळत असंल, तर मग ते ठरलेलं कसं?"

हा प्रश्न मी हसून बाजूला सारणारी नव्हे. माझ्या माहेरी तीन पिढ्यांची वारी आहे, आई रोज पोथी वाचायची, आणि मीही देव मानते. देव न मानणाऱ्याला हे सोपं आहे. त्यानं दैव खोडून टाकलं की काम झालं. मला ते खोडायचं नाही. त्याची जागा मात्र शोधायची आहे.

ती जागा मला गीतेच्या अठराव्या अध्यायात सापडली. तिथं भगवंत अर्जुनाला सांगतात की कुठलंही कर्म घडून यायला पाच कारणं लागतात. पहिलं अधिष्ठान, म्हणजे ते जिथं घडतं ती जागा. दुसरा कर्ता. तिसरी साधनं. चौथ्या चेष्टा, म्हणजे नाना तऱ्हेच्या हालचाली. आणि दैव पाचवं. शंकराचार्य अधिष्ठान म्हणजे देह असं लावतात आणि दैव म्हणजे डोळ्यामागचा सूर्य वगैरे इंद्रियांच्या देवता. ज्ञानेश्वरमाउलीही साधारण त्याच वाटेनं जातात. मी विद्वान नाही. मी तो श्लोक माझ्या कामापुरता लावते. पण लावताना एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. भगवंतांनी दैव नाकारलेलं नाही, आणि ते पहिलंही ठेवलेलं नाही. आधीच्या चार कारणांचा हिशोब न घेता थेट पाचव्यापाशी जायची घाई आपली आहे.

गुऱ्हाळाचं उदाहरण देते, कारण आमच्या भागात ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. हंगामात रात्री एक पोरगा आणला होता, उजवा हात कोपरापर्यंत काहिलीत गेलेला. साधं पाणी शंभर अंशांवर उकळतं. गूळ उतरवायच्या वेळी काहिलीतला पाक एकशे अठरा अंशांच्या आसपास असतो. शिवाय तो चिकट. पाणी अंगावरून ओघळून जातं, पाक कातडीला धरून बसतो आणि भाजतच राहतो. पोरग्याबरोबर आलेल्या चौघांनीही तेच वाक्य म्हटलं. मी त्यांना एकेक विचारत गेले. काहिलीच्या भोवती मळी सांडून जमीन बुळबुळीत झाली होती. हे अधिष्ठान. पोरगा आदल्या दिवसापासून झोपला नव्हता. हा कर्ता. पायात रबरी चप्पल, तीही झिजलेली, आणि उजेडाला चुलवाणाच्या बाजूला एकच बल्ब. ही साधनं. काहील उतरवायची घाई झाली म्हणून तो पळत आला. ही चेष्टा. एवढं झाल्यावर त्याचा पाय नेमका त्या क्षणी, नेमका त्या कडेला सरकला, हे पाचवं. ते माझ्या हातात नाही, कुणाच्याच नाही. पण जमिनीवर राख टाकणं, काहिलीभोवती कठडा घालणं, गड्यांना पाळीनं झोपू देणं, दुसरा बल्ब लावणं ही चार कामं माणसांच्या हातातली होती, आणि त्यातलं एक जरी झालं असतं, तरी पाचव्याला एकट्यानं काही करता आलं नसतं.

अमेरिकेत विल्यम हॅडन नावाचे डॉक्टर होऊन गेले. गेल्या शतकात साठ-सत्तरच्या दशकांत त्यांनी अपघातांचा अभ्यास असाच मांडला: माणूस वेगळा, इजा करणारी वस्तू वेगळी, भोवतालची जागा वेगळी, आणि प्रत्येकाचं अपघाताआधी, अपघातात आणि नंतर काय झालं ते पाहायचं. त्यांचा तक्ता पाहिला तेव्हा मला तो परका वाटला नाही.

आता कुणी म्हणेल, दैवाला इतकं मागं ढकलायचं तर योगवासिष्ठ आहेच की. खरं आहे. तिथं वसिष्ठ रामाला सांगतात की दैव म्हणजे आपलाच मागचा पुरुषार्थ, आणि आजच्या पुरुषार्थानं त्याच्यावर मात करता येते. आळशी माणसाला हलवायला हे औषध जबरदस्त आहे. पण ते मी वॉर्डाच्या दारात वापरणार नाही. कारण तिथं त्याचा अर्थ असा निघतो की जे झालं ते तुझ्याच मागच्या कर्मानं झालं. मी एका कीर्तनात हे ऐकलं आहे. बुवांनी भाजलेल्या लेकराचा दाखला दिला आणि मागच्या जन्मीचं काहीबाही सांगितलं. समोर बसलेल्या बायकांत एकीची मुलगी त्या वेळी वॉर्डात होती. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, महाराज, हे वाक्य त्या आईकडे बघून म्हणा. पावणेदोन वर्षांच्या लेकरावर पाप शोधणारी विद्या धर्माची नव्हे, असं मला वाटतं आणि कुणीही समोर असलं तरी मी ते म्हणेन.

त्या मुलीचं झालं ते आमच्याकडे नेहमी होतं. सकाळी बंब पेटवलेला. मोरीत घमेल्यात कढत पाणी काढून ठेवलं, आणि आई विसण घालायला गार पाणी आणायला वळली. लेकरू मागे चालत आलं आणि घमेल्यात बसलं. साठ अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं. लहानाची कातडी पातळ, तिला तेवढाही वेळ लागत नाही. बंबातलं पाणी साठाच्या किती वर असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आई मला म्हणाली, "सिस्टर, माझंच चुकलं." बाहेर सासरचे म्हणत होते, नशिबात होतं. खरं तर दोन्ही वाक्यं तिच्यावर सारखीच पडत होती; एकानं तिला गुन्हेगार केलं आणि दुसऱ्यानं तिला पुढच्या लेकरासाठी काही करायचं बाकीच ठेवलं नाही.

मी तिला ती पाच कारणं सांगितली. पोथी म्हणून नव्हे; ड्रेसिंगच्या वेळी, जमेल तशी. मोरीला दार नाही, घमेलं जमिनीला टेकलेलं, घरात सकाळी सगळ्यांची एकदम घाई, पोराला धरायला दुसरं कुणी नाही, आणि पिढ्यान् पिढ्या चालत आलेली रीत अशी की आधी कढत पाणी, मग विसण. कर्ता म्हणून तू त्यात आहेस, पण पाचातली एक. रीत उलटी करायची: घमेल्यात आधी गार पाणी, त्यावर कढत. मग लेकरू मधेच आलं तरी गार पाण्यातच पडेल. ती बाई रडायची थांबली नाही. पण जाताना तिनं मला विचारलं, घमेल्याऐवजी उंच बादली घ्यावी का. तो प्रश्न मला पुरला.

म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. दैव हा शब्द ज्याचं दुःख त्यानं म्हणावा, आणि मागं वळून पाहताना म्हणावा. त्या शब्दानं त्याला रात्र काढता येत असेल, तर तो काढून घ्यायचा अधिकार मला नाही. पण शेजाऱ्यानं तो म्हणू नये, मालकानं म्हणू नये, सासरच्यांनी म्हणू नये, आणि पुढं व्हायच्या गोष्टीबद्दल तर कुणीच म्हणू नये.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर, खासबाग मैदानाला लागून. आणि दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती. अख्खं कोल्हापूर रडलं, मीही रडले. पण त्या वास्तूच्या बाबतीत नशिबात होतं म्हणून कुणी घरी जाऊन झोपलं नाही. आग कुठून लागली, कशामुळे पसरली, विझवायची काय सोय होती, चौकशी करा, हे दुसऱ्या दिवसापासून सगळे विचारत होते, आणि विचारायलाच हवं होतं. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की भारतात दरवर्षी दहा लाखांहून जास्त माणसं मध्यम किंवा गंभीर भाजतात, आणि जगात भाजून वर्षाला सुमारे १ लाख ८० हजार माणसं मरतात. त्यातल्या एकेका माणसासाठी तेवढे प्रश्न विचारले गेले पाहिजेत, असं माझं मागणं आहे.

काही वेळा प्रश्न विचारले जाऊ नयेत म्हणूनच नशिबाचं नाव घेतलं जातं. वॉर्डात काम केलेल्या कुणालाही "स्टो भडकला" या शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. स्टो खरोखर भडकतात. पेटत्या स्टोत रॉकेल ओतलं, पिनेनं बर्नर साफ करताना हिसका बसला, की भडका उडतोच. पण स्टोच्या भडक्यात पदर आणि पुढची बाजू पेटते. डोक्यावरून पायापर्यंत रॉकेल निथळत नाही. नायब तहसीलदार जबाब घ्यायला यायचे, भाजलेली पोरगी शुद्धीवर आहे म्हणून डॉक्टर लिहून द्यायचे, आणि ती आधी दाराकडे बघायची. दाराबाहेर तिची दोन मुलं सासूच्या कडेवर आणि बोटाला असायची. ती गेल्यावर मुलं तिथंच वाढणार होती. म्हणून ती म्हणायची, स्टो भडकला. छळाविरुद्धचं कलम ४९८ अ १९८३ साली आलं, हुंडाबळीचं ३०४ ब १९८६ साली. लग्नापासून सात वर्षांत बाई जळून मेली आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं, तर कायदा सासरच्यांना जाब विचारतो. कायद्यानं ते पाचवं कारण आपणहून मागं सारलं. गल्लीनं सारलं का?

महाभारताच्या आदिपर्वात अग्नीचीच एक गोष्ट आहे. पुलोमा नावाच्या राक्षसानं भृगूंच्या पत्नीबद्दल अग्नीला साक्ष विचारली. अग्नीनं खरं ते सांगितलं. त्यावरून पुढं अनर्थ झाला आणि भृगूंनी रागानं अग्नीला शाप दिला की तू सगळं खाणारा होशील. तेव्हा अग्नीनं जे उत्तर दिलं ते मला फार मोठं वाटतं. त्याचा आशय असा की साक्षीला बोलावलेला माणूस जाणूनबुजून खोटं बोलला तर मागच्या-पुढच्या सात पिढ्या बुडवतो. आणि ज्याला माहीत आहे पण जो गप्प राहतो, तोही त्याच पापाचा धनी. लग्नात आपण ज्याला साक्षी ठेवतो, तो हे सांगून राहिला आहे. भिंतीपलीकडे रोजचा आरडाओरडा ऐकणाऱ्या शेजाऱ्यांना, "त्यांच्या घरातलं आपण कशाला" म्हणणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगते. आधी बोला. राख झाल्यावर साक्ष देऊन उपयोग नाही.

लाक्षागृहाची गोष्ट तर आपण लहानपणापासून ऐकतो, पण ती मुळात सावधगिरीची गोष्ट आहे, हे कुणी म्हणत नाही. विदुराला कळलं होतं की वारणावतातलं घर लाखेचं आहे. तो देवभक्त होता, धर्माचा अवतार मानला गेला. त्यानं काय केलं? पांडवांचं दैव बलवत्तर आहे म्हणून तो हस्तिनापुरात जप करत बसला नाही. त्यानं युधिष्ठिराला दुसऱ्यांना न कळणाऱ्या बोलीत सांगितलं, आणि भुयार खणायला माणूस पाठवला. आधी सूचना, मग बाहेर पडायची वाट. आजच्या कुठल्याही अग्निशमन अधिकाऱ्याला विचारा, तो हीच दोन कामं सांगेल. आणि ते घर जळालं त्या रात्री तिथं एक निषाद बाई आपल्या पाच मुलांसह झोपली होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. महाभारतासारख्या ग्रंथात तिचं नावसुद्धा नाही. सहा जीव जळाले आणि लोकांनी ते पांडव समजून शोक केला. मी ज्यांच्यासाठी मंडळा-मंडळांतून फिरते, ती ही बाई आहे. विदुराची सूचना राजवाड्यात पोचते; तिच्यापर्यंत कोण नेणार?

ऐतरेय उपनिषदात अग्नी वाणी होऊन माणसाच्या मुखात शिरला, असं सांगितलं आहे. म्हणजे जो चुलीत आहे तोच जिभेवरही आहे. तर मग आगीपासून सावध करणारं बोलणं देवाच्या कामात ढवळाढवळ कशी होईल? आजोबांना मी मंडपात एवढंच म्हटलं: माझं तुम्हाला सांगणं हेही त्या पाचांतच येतं. ठरवणाऱ्यानं ते वगळून ठरवलं असेल, असं कशावरून? त्यांनी मान हलवली. पटलं की नाही ते मी विचारलं नाही, पण पुढच्या वेळी ते सुनेला बरोबर घेऊन आले.

बायकांपुढं मी पोथीवर फार वेळ थांबत नाही. देव्हाऱ्यापासून सुरुवात करते, कारण बहुतेक घरांत तो स्वयंपाकघरातच असतो आणि जमिनीपासून फार उंच नसतो. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड. गळला की जमिनीलगत पसरतो, आणि समईची वात तिथंच तेवत असते. म्हणून रात्री निजताना रेग्युलेटर बंद, सकाळी उठल्यावर आधी वास, मग दिवा. वास आला तर बटणाला हात नाही, चालू नाही आणि बंदही नाही; खिडक्या-दारं उघडायची आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करायचा. नवरात्रात सगळ्याजणी विचारतात की अखंड दिव्याचं काय. तो ठेवा, काचेच्या चिमणीत ठेवा, परातीत वाळू घालून तिच्यात बसवा, पडद्यापासून लांब आणि जमलं तर दुसऱ्या खोलीत. अंबाबाईला त्यात काही उणं वाटणार नाही. त्रिपुरीला पहाटे पंचगंगा घाटावर पणत्या लावायला जाताना पोरींना नायलॉनचा घोळदार घागरा घालू नका. नायलॉन पेटतो आणि वितळून अंगाला चिकटतो.

आणि ओवाळणं. २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला, त्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, चंदगड मतदारसंघातल्या महागावात, निवडून आलेल्या शिवाजी पाटील यांना बायका ओवाळत होत्या. वरून जेसीबीनं गुलाल उधळला गेला, तो आरतीच्या ताटांवर आला आणि भडका उडाला. बायका भाजल्या, स्वतः पाटीलही. कोपानं झालं नाही, नजरेनं झालं नाही. बाजारातला बराचसा गुलाल म्हणजे रंगवलेलं स्टार्चचं पीठ. ढीग पडला असेल तर ते नीट पेटतसुद्धा नाही, पण हवेत उधळलं की कण न् कण सुटा होतो आणि ज्योत सापडली की सगळे एकदम पेटतात. निरांजन असेल तिथं गुलाल नाही, गुलाल असेल तिथं निरांजन नाही. येत्या प्रत्येक निवडणुकीला, प्रत्येक मिरवणुकीला हे आधी सांगायला हवं, आणि ताट हातात असलेल्या बाईनंच म्हणायला हवं की गुलाल थांबवा, मग ओवाळते.

भाजल्यावर अवघड जातात त्या बांगड्या. भाजलेला हात किंवा पाय तासाभरात सुजतो आणि बांगडी, अंगठी, जोडवी आत रुततात. पुढचं रक्त थांबतं. ती लगेच काढायला लागतात. नव्या नवरीचा हिरवा चुडा असेल तर घरची माणसं हात आडवा घालतात. मी त्यांना म्हणायची, बांगड्या वाढवायच्या आहेत, सौभाग्य नव्हे. ते ह्या हातातच आहे, हात वाचवू द्या. कितीतरी सासवांनी मग स्वतःच्या हातानं त्या वाढवल्या आहेत, आणि हळद-कुंकू वाहून पदरात बांधून नेल्या आहेत.

पण सगळ्यात आधी पाणी. पेटलेल्या माणसाला घोंगड्यात गुंडाळून, जमिनीवर लोळवून विझवलं की नळाचं साधं, वाहतं पाणी, वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही, तूप-हळद नाही. लेकरू असेल तर भाजलेल्या भागावर पाणी आणि बाकीचं अंग कोरडं, पांघरलेलं, नाहीतर ते गारठतं. वीस मिनिटं हा फार मोठा वेळ असतो. माणसं दोन मिनिटांत पाणी बंद करतात आणि गाडी शोधायला पळतात. म्हणून माळकरी घरांत मी सांगते, घड्याळ बघू नका, हरिपाठ म्हणायला घ्या. ज्ञानदेवांचा हरिपाठ चालीवर, सावकाश म्हणत गेलं की वीस मिनिटं सहज जातात. तो संपेपर्यंत नळाखालून हात काढायचा नाही. एका मंडळात बायकांनी विचारलं, पोर किंचाळत असताना हरिपाठ सुचणार कुणाला? आईला नाही सुचणार, तिनं पोराला धरून ठेवायचं. दारात जमतात त्यांनी म्हणायचा, आणि त्यांच्यातल्या एकानं तेवढ्यात १०८ ला फोन लावायचा.